अठरा नंबरचा शिक्का

सत्तावन्नावी पेटी कंटेनरात सरकवून ज्योतीराम मागे वळला, तेव्हा धनेश हातात पाण्याची बाटली घेऊन उभा होता. धनेश लाइनचा सुपरवायझर. डिस्पॅचला तो यायचा तो ओरडायलाच. आज त्याने बाटलीचं झाकण स्वतः उघडलं.

"पी भाऊ आधी."

ज्योतीराम प्यायला.

"वहिनींना जरा चक्कर आलीय. दवाखान्यात नेलंय. लाइनवरच्या शालनबाई आहेत बरोबर. टेन्शनचं काही नाही. एवढा कंटेनर सील होऊ दे, मग कंपनीच्याच गाडीनं सोडतो तुला."

"आत्ताच जाऊन येतो की."

"तू गेल्यावर पेट्या कोण लावणार राव? दुसऱ्यानं लावल्या की खुर्च्या घासतात. बोट चुकली तर सगळ्यांचीच लागेल. अर्धा तास काढ."

अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. कंटेनरात खुर्च्या होत्या, गडद हिरव्या, प्लास्टिकच्या. परदेशात फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेसाठी नवं स्टेडियम बांधत होते आणि त्याच्या खुर्च्या कुरुळीतल्या या कंपनीत निघत होत्या. ज्योतीरामने शेवटची पेटी लावली, दार ओढलं, सील दाबलं. मग गाडीत बसला.

दवाखान्याच्या पायरीवर शालनबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर त्याच्या बायकोच्या, पद्माच्या चपला होत्या. चपला बघून ज्योतीराम खालच्याच पायरीवर थांबला.

"सकाळधरनं छातीत भरून आलंय म्हनत हुती," शालनबाई म्हणाल्या. "धनेशला दोनदा भाईर जायचा पास मागितला. त्यो म्हनला, जेवणापत्तुर काढा. लय उशीर केलासा भाऊ."

"कंटेनर होता," ज्योतीराम म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला नंतर कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

दवाखान्याच्या कागदावर वेळ होती. अकरा वाजून दहा मिनिटं, आणण्यापूर्वीच मृत. धनेशची बाटली बाराच्या भोंग्यानंतर आली होती. ज्योतीरामने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवला. 

पद्मा त्या लाइनवर सहा वर्षं होती, ठेकेदाराकडे. साच्यातून खुर्ची निघाली की ती उलटी करायची, तळाच्या बरगड्यांवरून अंगठा फिरवायचा आणि कानाजवळ धरून बोटाच्या पेराने ठोकायची. चांगली खुर्ची टणक वाजते. आत पोकळी राहिली असेल, प्लास्टिकचा दाणा वाईट असेल, तर आवाज बसका येतो. आवाज पटला की ती तळाला आपला शिक्का मारायची, पांढऱ्या शाईत, अठरा नंबर. पुढे पॅकिंगच्या बाया नुसता आकडा बघायच्या. "अठरा आहे ना? मग टाका पेटीत." 

शिफ्ट संपली की शिक्के कपाटात जमा करायचे असा नियम होता. पद्मा करायची नाही. एकदा ती सुट्टीवर असताना कुणीतरी तिच्या शिक्क्यावर माल काढला होता, तेव्हापासून शिक्का तिच्या डब्याच्या पिशवीत घरी यायचा. धनेश चिडायचा. ती म्हणायची, "माझ्या नंबरावर दुसऱ्याचं काम नको. मग मेमो द्या नाहीतर घरी बसवा."

चौदाव्या दिवशी धनेश घरी आला. बरोबर ऑफिसातले अनिश सर, हातात फळांची पिशवी. दोघं पलंगाच्या कडेवर बसले. पद्माच्या फोटोकडे बघून झालं, चहा झाला. मग धनेशने घसा साफ केला.

"भाऊ, तो शिक्का तेवढा. रजिस्टरला वहिनींच्याच सहीवर आहे."

ज्योतीराम उठला. डब्याची पिशवी खुंटीवर तशीच होती. आत डबाही तसाच होता, कुणी उघडला नव्हता. त्याने शिक्का काढला आणि मुठीत धरून ठेवला.

अनिश सर म्हणाले, "काका, मुलगी आहे ना तुमची? बारावी झालीय म्हणे. आईच्या जागी घेऊ आपण. कंपनी माणसाला सोडत नाही."

ओवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एकोणीस वर्षांची. 

"नवा नंबर काढावा लागेल," धनेश म्हणाला. "नाव चढायला महिना-दोन महिने लागतात."

"नवा कशाला," ज्योतीराम म्हणाला. चौदा दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज नीट फुटला. "आईचाच द्या की तिला. अठरा चालू राहू द्या."

धनेशने अनिश सरांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. ज्योतीरामने शिक्का ओवीच्या हातावर ठेवला आणि तिची बोटं आपल्या हाताने मिटवली. ओवी रडली. त्याला बरं वाटलं.

ओवीला शिकवायला कुणाला वेळ नव्हता. खुर्ची उलटी कर, डोळ्यांनी बघ, शिक्का मार. धनेश मागे उभा राहून घड्याळ दाखवायचा. फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये दाणा कमी पडला, तेव्हा रिजेक्ट झालेल्या खुर्च्या दळून त्याचा चुरा नव्या दाण्यात मिसळायला लागले. डिस्पॅचला ज्योतीरामच्या कानावर ते आलं होतं. तो पेट्या लावत राहिला.

मे महिन्यात अनिश सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. धनेश कोपऱ्यात उभा होता. टेबलावर एक हिरवी खुर्ची होती, मधोमध तडकलेली.

"बसा काका. तिकडे चाचणीचा सामना ठेवला होता. एका कोपऱ्यातल्या नऊ खुर्च्या माणसं बसल्या बसल्या मोडल्या. एका बाईचा खुबा गेला. त्यांना तीन दिवसांत उत्तर पाहिजे, माल कुणी पास केला." त्यांनी खुर्ची उलटी केली. "अठरा नंबर आहे."

"पद्मा असा माल सोडणार नाही."

"मलाही तसंच वाटलं," अनिश सर म्हणाले. "नीट बघा."

साच्यात एक छोटी चकती असते. तिच्यावर बारा आकडे आणि एक बाण. ज्या महिन्यात खुर्ची निघाली, त्या आकड्याकडे बाण उठतो. लाइनच्या माणसाशिवाय तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. पद्मा गेली ती जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला. बाण तिनावर होता.

ज्योतीरामने बाणावर अंगठा ठेवला. आकडा झाकला गेला. 

"मार्चमध्ये अठरा नंबर कुणाच्या हातात होता ते आपल्याला माहीत आहे," अनिश सर म्हणाले. "रजिस्टरला मात्र वहिनीच आहेत. ओवीचं नाव अजून चढलं नव्हतं. आता तुम्ही सांगा काका. अठरा म्हणजे बायको लिहू की मुलगी? मुलगी लिहिली तर तिच्यावर केस होईल. तिकडची बाई कोर्टात जाणार आहे. वहिनींचं आता कोण काय करणार आहे?"

"आन् दाणा?" ज्योतीरामने विचारलं. "चुरा मिसळला त्याचं?"

"कसला चुरा?" धनेश कोपऱ्यातून म्हणाला. "कुणी बघितला भाऊ? तूच पेट्या भरल्यास ना?"

कागद आधीच टाइप केलेला होता. अठरा नंबरचा शिक्का माझी पत्नी पद्मा वापरत होती. तो ती नियमाविरुद्ध घरी नेत असे. संबंधित तपासनीस आता कामावर नाही. ज्योतीरामने एकेक वाक्य बोट ठेवून वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्याने सही केली. अनिश सरांनी त्याच्यासाठी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत उठता येईना म्हणून तो बसून राहिला.

आठवड्याने नोटीस बोर्डावर लागली. तपासनीस क्रमांक अठरा यांच्या हलगर्जीपणामुळे कंपनीच्या नावाला धक्का पोचला आहे, सर्वांनी बोध घ्यावा. महिना लिहिला नव्हता. ओवीला त्याच दिवशी नवा शिक्का मिळाला, त्रेचाळीस नंबर. 

लाइनवर बोलणं बदललं. कुणी घाईत खुर्ची पुढे ढकलली की पॅकिंगवरून आवाज यायचा, "ए बाई, अठरा करू नको." नव्या पोरींना तर अठरा म्हणजे कोण तेही माहीत नव्हतं. त्या हसायच्या. शालनबाई एकदा उठून एकीच्या अंगावर गेल्या, तर धनेशने त्यांना दोन दिवस घरी बसवलं.

ओवीने बापाला विचारलं ते भाकरी थापताना, पाठमोरी.

"पप्पा, तुम्ही सही केली?"

"केली."

"आई असा माल सोडणारी होती?"

"नव्हती."

"मग का केली?"

ज्योतीरामने पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला. "कंपनीत ऱ्हायचंय ना तुला."

"आईला 'मला घरी बसवा' म्हणायची हिंमत होती," ओवी म्हणाली. "तुम्हाला पेट्या लावायच्या असतात."

त्यानंतर ती गरजेपुरतं बोलायची. जेवायला वाढलंय. पाणी आलंय. बस आली.

जूनमध्ये स्पर्धा सुरू झाली. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना पोरं मोबाइलवर मॅच बघायची. एका सकाळी ते स्टेडियम दिसलं. सगळीकडे हिरव्या खुर्च्या, त्यांवर माणसं. एका कोपऱ्यावर स्पर्धेच्या चित्रांचं मोठं कापड ओढलेलं होतं, तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

"काका, तुमचा माल," एक जण म्हणाला.

"कापडाखाली अठरा नंबर," दुसरा म्हणाला. मग ओवी मागे उभी आहे हे त्याला दिसलं आणि त्याने मोबाइल खिशात घातला.

गुरुवारी सुट्टी होती. ज्योतीराम आंघोळ करून बाहेर आला, तर ओवी कागद घेऊन बसली होती. पद्माचा फोटो तिने खाली काढून पुसून शेजारी ठेवला होता. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडे बघून बोलली.

"मी अर्ज लिहिलाय. शालनमावशी कामगार ऑफिसात येते म्हणाली. मोडलेली खुर्ची आमच्यासमोर आणा, एवढंच मागितलंय मी."

"खुर्ची कशाला?"

"मला आता आवाज कळतो पप्पा. पहिल्यांदा नाही कळायचा, आता कळतो. दाणा वाईट असेल तर मी सांगेन. आणि तळाला महिना असतो. कुठल्या महिन्याचा माल ते तरी कळू दे सगळ्यांना. आई म्हणायची, वरून काय बघता, तळ बघा." तिने पेन पुढे केलं. "मी सही केलीय. वारस म्हणून तुमचीही लागते. तुमची नसेल तर घेणार नाहीत."

ज्योतीरामने पेन घेतलं. अर्ज वाचला. अक्षर नेटकं होतं, पद्मासारखं उजवीकडे झुकलेलं. शेवटची ओळ होती, माझ्या आईने एकही वाईट खुर्ची पास केलेली नाही. बाण तिनावर होता हे त्याने तिला सांगितलं नव्हतं.

"चष्मा कुठंय बघतो," तो म्हणाला.

चष्मा त्याच्या वरच्या खिशात होता. ओवीला तो दिसत होता.  तिने फोटो उचलून परत खिळ्याला लावला आणि अर्ज त्या फोटोमागे खोचून ठेवला.

त्याला तीन गुरुवार झाले. अर्ज फोटोमागेच आहे. त्यावर ओवीची सही झाली आहे. ज्योतीरामची राहिली आहे.