फळ्यांखालचा हौद

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे, बाप्तिस्म्याचा. सुरतजवळच्या उधन्याच्या आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये व्यासपीठाच्या फळ्यांखाली मी निजलेला असतो. गिरणीतल्या खानदेशी माणसांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहून मला बांधलं. तेव्हा माझा काय तोरा होता! नवा विश्वासी माझ्यात पूर्ण बुडून वर आला की मंडळी सतरंजीवरून उठून मराठी गाणं म्हणायची. पेटीचे सूर पाण्यावर कितीतरी वेळ थरथरत राहायचे.

पुढे बाप्तिस्मे बारडोलीकडच्या एका फार्महाऊसच्या निळ्या पूलमध्ये होऊ लागले. माझ्यावर फळ्या आल्या आणि फळ्यांवर चर्चमध्ये ड्रम वाजवणाऱ्या योगेशचा ड्रमसेट. अर्धवट झोपेत मी वरची हिंदी-गुजराती गाणी ऐकायचो. ठेका बरा होता, खोटं कशाला बोलू? पण माझ्या पोकळीमुळे ड्रम घुमायचा, म्हणून पास्टर अभिजीतनी मला डबर टाकून बुजवायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात मंगलाबाई गावाहून लेकाकडे आल्या. त्यांचे यजमान लोटूभाऊ आता नाहीत. लोटूभाऊंचा बाप्तिस्मा माझ्यातच झाला होता. बाई मात्र तेव्हा पाण्याला भिऊन पायरीवरूनच मागे फिरल्या होत्या. आता त्यांना बाप्तिस्मा घ्यायचा होता.

"मावशी, पूलचं पाणी स्वच्छ असतं," पास्टर म्हणाले.

"मन्हा मालकनी आठेच लिन्हा. माले बी आठेच लेवना शे," मंगलाबाई माझ्यावरच्या फळ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या.

रविवारी फळ्या निघाल्या. अंगावर उजेड पडला आणि मी स्वप्नात असल्यासारखा बघत राहिलो. सतरंज्या नव्हत्या. खुर्च्या होत्या, भिंतीवरच्या पडद्यावर गाण्याचे शब्द होते. पाणी सोडलं मात्र, माझी लाजच गेली. कोरडा राहून मी तडकलो होतो. पाणी गळू लागलं.

"उद्याच बुजवून टाकू," कोणीतरी पुटपुटलं.

मी अंग आवळून बसलो. योगेश गळेल तेवढं पाणी भरत पाइप धरून उभा राहिला. ड्रम बाजूला ठेवलेला, म्हणून सगळे नुसत्या गळ्यानं गायले. मंगलाबाई पायरीवर थांबल्या. मग त्या उतरल्या, पास्टरांच्या हातावर मागे कलल्या, पाण्याखाली गेल्या आणि वर आल्या.

"आते भ्याव नही वाटनं," त्या हसल्या.

योगेशनं ड्रमसेट खाली जमिनीवर मांडला. "पास्टर, ड्रम आता इथेच राहू दे."

मित्रांनो, गाणी बदलली याचं मला वाईट वाटत नाही. टाकून दिल्याचं वाटतं. माझी भेग लिंपा, अधूनमधून फळ्या उचला. आणि मला भरायचंच असेल, तर पाण्यानं भरा.