नववा प्रश्न

पेनाच्या टोकाला चिकटपट्टीने बांधलेलं प्लास्टिकचं सूर्यफूल, कुणी पेन पळवू नये म्हणून... आणि त्या पट्टीवरचा शेकडो हातांचा काळपट चिकट थर आपल्या अंगठ्याला लागतोय हे यारेत्सीला कळत होतं, तरी ती पेन सोडत नव्हती. शी! दवाखानाभर खोट्या लिंबाचा वास, आणि त्याखाली कुणा बाळाच्या ओकारीचा.

"काय विचारतायत गं?" शेजारी बसलेल्या अमानं, तिच्या आईनं, विचारलं. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, चर्चमध्ये बसल्यासारखी.

"तेच, दर वेळचं. दोन आठवड्यांत उदास वाटलं का?"

"नाही, देवाची कृपा. लिही."

'कधीच नाही'चा आकडा लिहिला. शून्य. कशात मन लागतं का? लागतं. शून्य. लागतं म्हणे! कामावरून आली की अमा अंगणातल्या ट्रकमध्ये काचा वर करून बसते, टेक्ससच्या भर उन्हात, तासभर. मी टकटक केलं की म्हणते, "रेडिओ ऐकत होते, मिहा, माझ्या पोरी." ट्रकचा रेडिओ ईस्टरपासून बंद आहे.

पण ती बोलणार कशी? छाती कापायला नेलं तेव्हा तिनं व्हर्जिन मातेला नवस केला होता: बरी झाले तर तक्रारीचा शब्द काढणार नाही. झाली बरी. कॅन्सरच्या डॉक्टरांनी पाठ थोपटून परत आपल्या या गल्लीतल्या दवाखान्यात पाठवलं. आणि नाताळात मक्याचे तमाले वळताना चायोमावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "व्हर्जिननं तुला जीव परत दिलाय बाई! तोंड पाडून बसलीस तर दिलेलं उचलून नेईल हं!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. अमासुद्धा. मक्याच्या पिठानं बरबटलेले ते हात, डुकराच्या चरबीचा तो वास आणि ते हसू... मला उठून चूळ भरावीशी वाटली होती.

आणि मी? मी काय मोठी लागून गेले? स्पॅनिश फॉर्म संपलेत, असं दीड वर्षापूर्वी इथल्या नर्स नेल्डानं सांगितलं होतं. "मुलगी आहे ना, हुशार आहे!" मी फुगले. अमाला इंग्रजी वाचता येत नाही, मग मीच वाचणार, मीच सांगणार. नवव्या प्रश्नापर्यंत आले आणि तोंडातलं स्पॅनिश आटलं. 'मेलेलं बरं, असं वाटतं का?' मी म्हणाले, "विचारतायत, औषधं वेळेवर घेता का."

"घेते. सांग."

शून्य. तेव्हापासून सहा वेळा. वादविवादात जिल्ह्यात पहिली आलेली मी, वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी मी. सहा शून्यं, माझ्या गोल गोल अक्षरातली. आणि दर वेळी नेल्डा बेरीज करून ओरडते, "शून्य! कमाल आहे तुमची, सेन्योरा!" अमा लाजते. डॉक्टर रक्तदाब बघतात, घरी पाठवतात. किळस... कुणाकुणाची म्हणून करायची? अंगठ्यावरचा चिकटा पुसता येईल.

"झालं का गं, राणी?" नेल्डानं दारातून डोकं काढलं. "डॉक्टर थांबलेत."

"एक राहिलाय."

"मग टाक की तूच! आईला ओळखतेस ना?"

हो. नाही. यारेत्सीनं खुर्ची वळवली. गुडघ्याला गुडघा लागला.

"अमा, हा शेवटचा मी तुला कधी विचारलाच नाही. खोटं सांगत आले. इथं लिहिलंय... मेलेलं बरं, असं वाटतं का तुला?"

अमा रागावली नाही. आधी तिनं खोलीत ओळखीचं कुणी आहे का ते पाहिलं. मग नजर छताकडे गेली.

"ती व्हर्जिन ऐकते, मिहा."

"मग हळू सांग."

अमा पुढे सरकली. पर्सवरचा हात माझ्या मनगटावर आला, ओला, थंडगार, आणि तिथंच राहिला. मी वाट बघत होते. किळस कधी ओसरली कुणास ठाऊक. तिच्या जागी नुसती भीती होती, लख्ख, कारण दीड वर्षात पहिल्यांदाच तिचं उत्तर काय येणार ते मला ठाऊक नव्हतं.