हेडबाई कोणाकडे राहणार

वहिनी पाण्याची टेस्ट करते तेव्हा तिचे ओठ बघायचे. एक, दोन, तीन, असे नुसते हलतात, आवाज नाही. बोटाएवढ्या बाटलीत टँकमधलं पाणी घेते, त्यात औषधाचे थेंब सोडते, निळं पाणी पिवळं झालं की थांबते आणि दादाला नंबर सांगते. दादा अशी मान डोलावतो, जणू बाईसाहेबांनी समुद्राच्या तळाशी बुडी मारून आणलाय तो नंबर.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांचं रक्त, संध्याकाळी आमच्या माशांचं पाणी. आमच्या म्हणजे माझ्या आणि दादाच्या. ती या घरात आली त्याच्या कितीतरी आधीपासून हा टँक आहे.

दादा फ्रिज दुरुस्त करतो. एका गिऱ्हाइकाने त्याला हा काचेचा टँक फुकट दिला, घेऊन जा बाबा, अडचण होतेय म्हणून. मी तेव्हा नुकतीच शाळा सोडली होती. म्हणजे शाळेने मला सोडलं, मी नाही म्हटलं नाही. दिवसभर घरात बसून मी दिसेल त्याच्याशी भांडायचे. एक दिवस दादाने माझ्यासमोर बादली ठेवली, शेजारी मिठाची पिशवी ठेवली आणि म्हणाला, "ठिणगे, ढवळ. समुद्र करायचाय." जेवणातलं मीठ नाही हां, टँकचं मीठ वेगळं असतं. जुन्या वॉटर कूलरचं मशीन काढून त्याने पाणी गार ठेवायची सोय केली. सुरुवातीला आत फक्त तपकिरी शेवाळ आलं. आई म्हणायची, "लोक मासे पाळतात, माझ्या पोरांनी गटार पाळलंय."

मग शेवाळ गेलं, दगडांवर गुलाबी थर चढला आणि आम्ही एकेक कोरल आणायला लागलो. कोरल बघितलं तर वाटतं दगड किंवा झाड, पण असतो प्राणीच. एक आहे छोट्या छोट्या हातोड्यांसारखं, सारखं डुलत असतं. एक हिरव्या बटणांसारखं. आणि सगळ्यात वर, लाइटच्या जवळ, माझं शिंगवालं. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, टोकं जांभळी. ते भल्याभल्यांकडे टिकत नाही. माझ्याकडे टिकलं, कारण मी बघते. नंबर नाही काढत, बघते. फांद्यांवर बारीक बारीक केसांसारखे तोंडाचे झुपके बाहेर आले असले की ते खुश. आत ओढून घेतले की काहीतरी बिनसलंय.

माशांमध्ये नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी आहे. मादी मोठी, नवरा एवढासा, तिच्या शेपटीमागे फिरणारा. मादीचं नाव मी हेडबाई ठेवलंय. आमच्या शाळेच्या हेडबाई अशाच मान वाकडी करून बघायच्या आणि कोणी जवळ गेलं की अंगावर यायच्या. ही तर चावतेसुद्धा. काच पुसताना मला किती वेळा चावली असेल.

तर एकदा मी बाहेरून आले आणि बघते तर वहिनी कोपरापर्यंत हात बुडवून उभी, आणि हेडबाई तिच्या चिमटीतून कोळंबीचा तुकडा घेतेय. हळूच. पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी.

"वा," दादा म्हणाला.

मी आत जाऊन सगळी भांडी घासली.

"बरं नाही का तुला?" आईने विचारलं.

खरं सांगायचं तर मला हेडबाईचा राग नव्हता. मासा आहे, त्याला काय अक्कल. राग दादाचा होता. आधी तो कामावरून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "ठिणगे, मंडळी काय म्हणतात?" मग मी सांगायचे. कोण कोणावर धावून गेलं, कोणी नवीन फांदी काढली. तो हातातली हत्यारांची पेटीसुद्धा खाली न ठेवता ऐकायचा. आता तो येतो आणि विचारतो, "नंबर काय आला?" आणि तोंड माझ्याकडे नसतं.

त्यातच दादा-वहिनीला दुसरा फ्लॅट मिळाला. चालत गेलं तर दम लागेल आणि बसने गेलं तर बसायच्या आत उतरावं लागेल, इतका जवळ. जेवताना दादा म्हणाला, "टँक आम्ही नेतो. तिकडे जागा आहे. तू कधीही ये ना."

"न्या रे बाबा," आई म्हणाली. "माझा एक कोपरा मोकळा होईल."

मी म्हटलं, "टँक इथून हलणार नाही."

"अगं, काच माझी, मशीन मी बसवलं..."

"आणि जीव कोणी लावला? कूलरच्या मोटरने?"

"ठिणगे, आवाज खाली."

मी ताट सरकवून उठले. वहिनी आपल्या ताटात बघत होती. एक अक्षर नाही. मला वाटलं, जिंकणारी माणसं अशीच गप्प बसतात.

त्या दिवसापासून मी ठरवलं, टँकला कळलं पाहिजे हात कोणाचा आहे. कोरल वाढतं तसं पाण्यातलं त्याचं खाणं संपतं. मग पावडर पाण्यात विरघळवून रोज थोडी थोडी सोडावी लागते. आम्ही त्याला डोस म्हणतो. डोसची आमची पाळी होती, एक दिवस मी, एक दिवस ती. मी तिच्या दिवशीही टाकायला लागले. रोज ती आंघोळीला गेली की पटकन टाकायचा आणि बाटली होती तशी ठेवायची. टेस्टचा डबा उचलून मी कपाटावर सुटकेसच्या मागे टाकला. बास झाले नंबर. वहिनीने शोधला, मला विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या सामानात बांधला गेला असेल."

आणि मग शिंगवाल्याची टोकं पांढरी पडली.

आधी मला वाटलं लाइट पडलाय. मग जवळ नाक लावून बघितलं. टोकांवरचं मांस गेलं होतं, खाली नुसतं हाड. हातोडीवालं मुठी आवळून बसलं होतं. मी वहिनीच्या खोलीत गेले. ती खोक्यात कपडे भरत होती.

"काय घातलंत तुम्ही टँकमध्ये?"

"काय झालं?"

"साबणाचा हात घातला ना? लॅबमधलं काहीतरी हाताला होतं ना तुमच्या?"

ती धावत बाहेर आली. टँकसमोर उभी राहिली आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "मी फक्त डोस टाकतेय. रोज."

"रोज का? एक दिवसाआड तुमचा."

"तू त्या दिवशी जेवणावरून उठलीस. मला वाटलं तू रागाने टाकणं बंद केलंस. बाटलीला हात लावलेला दिसेना. म्हणून मीच रोज..." ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं. "तू पण?"

 मी कपाटावरून डबा काढून तिच्या हातात दिला. तिने थेंब टाकले. टाकतच गेली. पाणी पिवळं व्हायलाच तयार नाही. जितके थेंब जास्त, तितका डोस जास्त.

दादा आला तेव्हा आम्ही दोघी टँकच्या दोन बाजूंना उभ्या होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सोफ्यावर बसला.

"म्हणजे एकाच बाळाला दोघींनी चोरून दूध पाजलं," आई म्हणाली. "आणि एकमेकींना विचारायला तोंडं शिवली होती."

"आता कोणी काही टाकणार नाही," दादा म्हणाला. "थोडं थोडं पाणी बदलायचं आणि बघत बसायचं. बरं होईपर्यंत टँक हलवायचा नाही. अशा अवस्थेत हलवला तर मेलंच सगळं."

म्हणजे ते दोघं गेले आणि टँक राहिला. माझ्याकडे. मला जे हवं होतं तेच झालं, फक्त अर्धमेलं होऊन झालं.

मी रोज बादलीभर पाणी बदललं. बाकी हात खिशात. मला हात खिशात ठेवायला सांगणं म्हणजे काय ते आईला विचारा. पण ठेवले. हळूहळू पांढऱ्या टोकांवर खालून तपकिरी कातडी चढायला लागली. मग तिच्या कडेला जांभळी रेघ. एक दिवस सकाळी बघितलं तर शिंगवाल्याचे सगळे झुपके बाहेर. मला नाचावंसं वाटलं आणि लगेच लक्षात आलं. बरं झालं म्हणजे आता जाणार.

दादा आणि वहिनी त्याच संध्याकाळी आले. दादाला गारवा कळतो, रंग कळत नाही. त्याला टँक नेहमीच छान दिसतो. त्याने वहिनीला विचारलं, "काय वाटतं? हलवायचा का?"

वहिनी वाकली. शिंगवाल्याकडे नीट बघितलं, फांदी फांदी. ते झुपके तिला दिसले. मला माहितीये दिसले, कारण तिचे ओठ हलले, मोजताना हलतात तसे. मग ती सरळ झाली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नको. अजून नाही झालं बरं. राहू दे इथेच. पुढचं पुढे बघू."

मी खुश व्हायला हवं होतं. टँक राहत होता, मला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. पण माझ्या डोक्यात भडकाच उडाला. म्हणजे आता मला टँक मिळणार तोही तिने सोडला म्हणून? माझंच मला दान? उद्या दादा म्हणणार, बघ, किती मोठं मन आहे तिचं. आणि मी आयुष्यभर त्या टँकसमोर उभी राहून तिचे आभार मानू?

"खोटं बोलतायत त्या," मी म्हटलं. "बरा झालाय. आज सकाळीच. सगळे झुपके बाहेर आहेत. घेऊन जा."

वहिनीने डोळे मिटले.

"खरंच?" दादा वाकून बघायला लागला. "अरे हो की. मग रविवारी नेऊ."

आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "तुझं तोंड म्हणजे ना, स्वतःचंच घर जाळायला काडीपेटी."

रविवारी मीच सगळं बांधलं, कारण दुसऱ्या कोणाला येतच नाही. कोरलं वेगवेगळ्या डब्यांत, टँकच्याच पाण्यात. दगड ओल्या वर्तमानपत्रात. मासे झाकणाच्या बादलीत. ती बादली मी दादाच्या गाडीत पायांच्या मध्ये धरून बसले, आणि प्रत्येक खड्ड्याला दादाला बोलले. तिकडे त्याला टँक खिडकीत ठेवायचा होता. मी म्हटलं, ऊन लागून पुन्हा गटार होईल. मग आतल्या भिंतीला ठेवला. दगड रचले, पाणी भरलं, कोरलं लावली. पाणी दुधासारखं गढूळ झालेलं. मासे पिशवीत घालून टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवले, गार-गरम सारखं होईपर्यंत. दादा खोक्यांच्या मध्ये आडवा झाला आणि घोरायला लागला.

मी आणि वहिनी जमिनीवर बसलो. ती चहा घेऊन आली होती. मी घेतला, कारण दमले होते.

"वन्सं," ती म्हणाली. चिडवायचं असलं की ती मला असं म्हणते. पण आज चिडवत नव्हती. "त्या दिवशी मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी, असं वाटलं ना तुला?"

"मग कोणासाठी?"

"मला नको होता हा टँक इथे."

मी तिच्याकडे बघितलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय," ती दादाकडे बघत हळू आवाजात म्हणाली. "हा दारातून आत आला की आधी टँक, मग तू, मग चहा, मग मी. तुम्ही दोघं बोलायचात, झुपके काय, शिंगं काय, मला ओ की ठो कळायचं नाही. म्हणून थेंब मोजायला शिकले. म्हटलं त्या गप्पांत कुठेतरी मी बसेन. बसले तर नंबर सांगायला. नंबर सांगून झाला की पुन्हा टँक." तिने कप खाली ठेवला. "वाटलं होतं, नव्या घरात तरी दार उघडल्यावर समोर मी असेन. एवढं छान जमलं होतं. आणि तू तोंड उघडलंस."

मला हसू यायला लागलं. आवरेना. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळत होती. मला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"हसू नकोस," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग गंभीर झाली. "परत घेऊन जा ना. मी याला सांगते काहीतरी."

"आता नाही नेता येत."

"का?"

"आत्ताच हलवलाय. लगेच पुन्हा हलवला तर मरेल सगळं. निदान काही महिने तरी आहे इथेच."

"काही महिने?"

"आणि मला रोज यावं लागणार. पाणी बसेपर्यंत लक्ष ठेवावं लागतं."

वहिनीने कपाळाला हात लावला.

पाणी थोडं निवळलं तशी मी पिशवीची गाठ सोडली. हेडबाई बाहेर आली, एका दगडाच्या फटीत शिरली आणि तिथून आमच्याकडे बघत राहिली. नवराही तिच्या मागे. वहिनीने बोट पाण्यात घातलं. मीही घातलं. कोणाकडेच आली नाही.

तेवढ्यात दादा उठला. केस उभे, गालावर खोक्याची रेघ. त्याने आमच्याकडे बघितलं नाही, चहा आहे का विचारलं नाही. आमच्या दोघींच्या मधून पाय टाकत सरळ टँकपाशी गेला, काचेला नाक लावलं आणि म्हणाला, "काय मंडळी, आवडलं का घर?"

आम्ही दोघी त्याच्या पाठीकडे बघत बसलो.

"बघ," वहिनी म्हणाली.

"बघतेय," मी म्हटलं.