खिडकीजवळचं टेबल

आत्याने चमचाभर चहा मोठा आवाज करत आत ओढला, तोंडात दोनदा घोळवला आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकून टाकला.

"धुरकट आहे. परत पाठव."

भाच्याने तिसऱ्या कपामागची नमुन्याची पुडी बाजूला सरकवली. चौथ्या कपाला तिने नुसतेच नाक मुरडले. पाचव्याचा घोट मात्र जास्त वेळ तोंडात राहिला.

"हा घ्यायचा. याच्यावर वर्ष निघेल आपलं."

भाच्याने पाचवी पुडी उचलली, तर तिचा दोरा सुटलेलाच नव्हता. तो दोऱ्याकडे बघत राहिला. कप भरत असताना दारातून बायकोने हाक मारली होती, तो तिला दूध काढून द्यायला गेला होता, आणि परत येऊन घाईघाईत त्याने तिसऱ्याच पुडीत पुन्हा हात घातला होता. म्हणजे तिसरा आणि पाचवा कप एकाच पत्तीचा होता. त्यातल्या एकाला आत्याने हाकलून दिले होते आणि दुसऱ्यावर वर्ष सोपवले होते.

"झालं का? की पुडीशी लग्न लावायचंय?" आत्या म्हणाली.

"झालं," तो म्हणाला, आणि पुडी खिशात टाकली.

दुकान सुट्या चहाचे. वेगवेगळ्या मळ्यांतून पत्ती यायची, आत्या चाखून मिश्रण ठरवायची आणि ते दुकानाच्या नावाने विकले जायचे. हे काम तिला तिच्या वडिलांनी शिकवले होते. भावालाही त्यांनी शिकवून पाहिले, पण त्याला सगळे चहा चहासारखेच लागत. बाजारातले दलाल आत्याला 'जीभ' म्हणत, आणि तेही तोंडावर. ती जीभ चहापुरतीच चालली असती तर घराचे भले झाले असते, असे भाच्याचे वडील होते तोवर म्हणत.

मग माचा आला. हिरव्यागार चहाची पिठासारखी भुकटी. बांबूच्या छोट्या कुंच्याने पाण्यात घुसळायची, वर थंड दूध ओतायचे आणि पिण्याआधी फोटो काढायचा. आत्याने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा "गुरांना विचारलंत का?" एवढेच म्हणाली. तरी भाच्याच्या बायकोने दारातल्या अरुंद फळीवर भुकटीचे डबे मांडले. आता दुकान उघडण्याआधीच बाहेर रांग लागे. घुसळताना तिचे कोपर चौकटीवर आपटून काळेनिळे झाले होते. तिला खिडकीजवळचे टेबल हवे होते, आणि तिचे काही चुकत नव्हते.

पण दुकानात खिडकी एकच, आणि तिच्या उजेडात आत्याचे टेबल. इकडे मिश्रणाचा खप महिन्यागणिक उतरत होता. जुनी गिऱ्हाइके येईनाशी झाली. चव पहिल्यासारखी राहिली नाही, असे एकदोघांनी म्हणून पाहिले, तर आत्याने त्यांना जीभ घासून यायला सांगितले. घरात सगळे खापर माचावर फुटायचे. लोकांना हिरव्याचे वेड लागले, त्याला कोण काय करणार? या मोसमाचे मिश्रण चालले नाही तर टेबल रिकामे करायचे, असे शेवटी ठरले होते. टेबल गेले की आत्याला दुकानात बसायला जागा उरणार नव्हती, आणि दुकानाबाहेरचे तिला काही येतही नव्हते.

"गेल्या वर्षी भुकटी जास्त भरून ठेवली असती तर..." असे भाचा एकदा हळहळला होता.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," आत्या म्हणाली होती, आणि आपल्याच विनोदावर खूप हसली होती.

दुपारी रांग ओसरली तसा भाचा कप घेऊन मोरीपाशी गेला. मागे आत्याला मोठा ताप येऊन गेला, त्यानंतर एकदा दूध करपून घरभर वास सुटला होता, आणि आत्या शेगडीच्या शेजारी बसून शांतपणे वाटाणे सोलत होती. तेव्हा सगळ्यांनी तिची थट्टा केली होती. तिला तो वास आलाच नव्हता, हे त्याला आता उमगले. बायकोला सांगितले तर टेबल आज संध्याकाळीच हलेल. सकाळपर्यंत त्यालाही तेच हवे होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मुठीत काही नाही हे त्याला एकट्याला कळले होते, आणि ते त्याला मुळीच नको होते.

तेवढ्यात भुकटीचा नवा माल आला. मागणी इतकी वाढली होती की मिळेल तो डबा लोक डोळे मिटून घेत. बायकोने झाकण उघडले, हुंगले आणि मान हलवली.

"मिळतंय हेच नशीब."

"इकडे आण तो," खिडकीजवळून आत्या म्हणाली.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. आत्याने आजवर त्या डब्यांना बोट लावले नव्हते. तिने पांढरा कागद पसरला, नव्या डब्यातली चिमूट ठेवून बोटाने लांब फराटा ओढला आणि शेजारी जुन्या डब्यातल्या भुकटीचा दुसरा ओढला.

"हा पिवळा पडलाय. बोटाला रेवही लागते. शिळा माल आहे, परत पाठव."

"अहो आत्या, तुम्हाला यातलं कधीपासून कळायला लागलं?"

"चवीचं विचारू नकोस. डोळे आहेत मला."

बायको कागदावर वाकली. एक फराटा कोवळ्या पानासारखा होता, दुसरा वाळल्या गवतासारखा. ती व्यापाऱ्याला फोन लावायला बाहेर गेली.

आत्या कागदाची घडी करत राहिली.

"तिसरा आणि पाचवा एकच होता ना?"

भाच्याने हातातला कप टेबलावर ठेवला.

"तू कप मोरीकडे नेलेस तेव्हा तळाचा चोथा बघितला मी. रंग एक, पान एक. आधी बघायला हवा होता."

"कधीपासून आत्या?"

"तापापासून. आधी वाटलं, चव येईल परत. मग वाटलं, सवयीनं निभेल." तिने घडी आणखी बारीक केली. "तू बोलला नाहीस."

"नाही."

"बोलायला हवं होतंस. लोकांच्या घरात जातो तो चहा."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. डोळे मात्र भरून आले होते, आणि ते तिने लपवले नाहीत. मग ती उठली, आपली खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि तिथे बसली.

"टेबल मोठं आहे. एवढी बाजू सूनबाईला. हिरव्याची पारख मी करते, त्याला डोळे आणि बोटं पुरतात. कप तुझे."

"मला सगळे चहा चहासारखेच लागतात."

"तुझ्या बापालाही लागायचे. त्याला शिकवत राहायला आमच्या बाबांना धीर नव्हता. मला आहे. ती खिशातली पुडी काढ."

भाच्याने दोरा सोडला, पत्ती मोजून घातली, पाणी ओतले. आत्या त्याच्याकडे पाठ करून पांढऱ्या कागदांचे तुकडे करत होती. त्याने चमचा तोंडाला लावला आणि ओढला. चहा घशात गेला, ठसका लागला, सदरा भिजला.

"आवाज कुठंय? ओढ जोरात. लाजतोस काय?"

दुसऱ्यांदा त्याने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा ओढला, घोळवला आणि बादलीत थुंकला. फळीपाशी, फोन करून परतलेल्या बायकोच्या कुंच्याचा आवाज थांबला.

आत्याचे हातही थांबले होते. ती खुर्चीतच वळली. आता ओठांवर आलेला प्रश्न आजवर तिने विचारला होता तो उत्तर ठाऊक असतानाच.

"कसा आहे रे?" ती म्हणाली. "सांग ना."