इलारीकाकाचं पाणी

"मेणबत्ती पेटवायची नाही, काकी. आधीच सांगून ठेवतोय," मी म्हणालो. "आणि दोरीपलीकडे होडी नेणार नाही. तिकडे पक्षी अंड्यांवर बसलेत. कुणी पाहिलं तर माझा परवाना जाईल."

"तू वल्हव रे, पांतेल," सफ्ताकाकी म्हणाली. "तोंडानं होडी चालत नाही."

तिच्या मांडीवर मातीचा घडा होता आणि काळ्या रुमालात बांधलेली वाळक्या भोपळ्याची वाटी. होडी खरं तर बुखारेस्टच्या लिवियाबाईंनी ठरवली होती. त्यांना कुरळ्या तुऱ्याचे पेलिकन बघायचे होते आणि दोन सकाळी नुसतं धुकं बघून त्या परत गेल्या होत्या. काकीला मी त्यांना न विचारताच बसवलं. बाई गळ्यातला कॅमेरा सावरत जरा सरकल्या.

आमच्याकडे माणूस गेलं की घरातलं कुणीतरी सहा आठवडे रोज शेजाऱ्याकडे पाणी नेतं. पलीकडे गेलेल्या माणसाला तहान लागू नये म्हणून. शेवटच्या दिवशी ते पाणी सोडायचं. भोपळ्याच्या वाटीत मेणबत्ती लावायची, वाटी पाण्यावर ठेवायची, घडा रिता करायचा आणि साक्षीदाराला विचारायचं. वाटी वाहत गेली तर त्याला पाणी पोचलं. अडकली तर सगळी मेहनत फुकट आणि बिचारा कायमचा तहानलेला. म्हणून गाव डॅन्यूबवर जातं. तिथं ओढ असते, वाटी बघता बघता दिसेनाशी होते.

काकीला मात्र नवऱ्याचं पाणी पंपघराशी सोडायचं होतं. "तिथं पाणी हलत नाही गं," असं मी आठवडाभर कानीकपाळी ओरडत होतो.

"डॅन्यूबचं तो घेणार नाही," ती म्हणाली. "हट्टी मेला. पंपाकडनं आलं, तर आपलं म्हणून घेईल."

इलारीकाका पंपाचा मेकॅनिक. माझ्या लहानपणी इथं पाणी नव्हतंच, नजर पोचेल तिथवर मका होता. बंधारा घालून सरकारनं दलदल आटवली होती आणि ती आटलेलीच राहावी म्हणून काकाचा पंप रात्रंदिवस चालायचा. पाण्याशी त्याचं हाडवैर. फाटकाशी कुणी हाक मारली की काकी आतूनच ओरडायची, "गेला कामाला! संध्याकाळी या!" त्या ओरडण्यात काय तोरा असायचा!

मग दुसरी शहाणी माणसं आली आणि म्हणाली, चुकलंच, पाण्याला परत येऊ द्या. बंधारा फोडला. पाणी आलं, मागोमाग बोरूचं उंच गवत आलं, मग माझ्या बापानं नावही ऐकलं नव्हतं असले पक्षी आले. मला होडीचं काम मिळालं, काकाचं गेलं. तो इथं एकदाही फिरकला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. हाक मारली तर काकी हळूच म्हणायची, "आहे की. पडलाय." मला ते ऐकवायचं नाही.

धुकं आज दुधासारखं दाट होतं. वल्ही पाण्यात जात होती की ढगात, कळत नव्हतं. कमळाची पानं होडीला घासून मागं जात होती. पाण्यात बुडालेल्या पॉप्लरच्या झाडाच्या शेंड्यावर एक बगळा झोपला होता, तो आम्ही जवळून गेलो तरी जागा झाला नाही. लिवियाबाई कुजबुजल्या, "आपण खरंच जागे आहोत ना?"

दोरीशी मी होडी थांबवली. समोर पंपघर, उंबऱ्याच्या बरंच वरपर्यंत पाण्यात. दार केव्हाच वाहून गेलेलं.

काकीनं काडेपेटी काढली. मी तोंड फिरवून बोरूकडे बघत बसलो. काय करणार? काडी ओढल्याचा आवाज आला, मग घडा रिता होताना गुडगुडला.

"इलारीसाठी मी पाणी वाहिलं," काकी मोठ्यानं म्हणाली. "साक्षीला कोण?"

साक्षीदार घरचा चालत नाही आणि मी तिचा पुतण्या. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. गाढव मी! काकी माझ्याकडे बघत राहिली.

"मी आहे," लिवियाबाई म्हणाल्या. "मी पाहिलं. पाणी इलारींचं."

वाटी मात्र होडीला चिकटून उभी. ज्योत सरळ, पाणी काचेसारखं. आम्ही वाट बघितली. मेणबत्ती निम्मी झाली.

"घेत नाही रे तो," काकी म्हणाली आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. "माझ्यावर पण रागावलाय."

"वल्ह्यानं जरा ढकलू का?"

"हात लावायचा नसतो!"

तेवढ्यात डोक्यावर पंखांचा जड आवाज झाला. धुक्यातून पेलिकन उतरले, एकामागून एक, पाय पुढं करून पाणी फाडत. अगदी होडीच्या पाठीशी. डोक्यावरचे कुरळे तुरेसुद्धा दिसत होते. लिवियाबाईंनी तिकडे वळूनही पाहिलं नाही. त्या वाटीकडेच बघत होत्या.

लाटा आल्या. होडी डुलली. वाटी सुटली, दोरीखालून गेली, गिरकी घेऊन थांबली, पुन्हा निघाली. पंपघराच्या दारात जरा घुटमळली आणि आत गेली. आतल्या भिंतीवर उजेड हलला. काकाचा हिरवा पंप, पाण्याबाहेर राहिलेला तेवढा, दिसला. मग उजेड कोपऱ्याआड झाला.

काकीनं डोळे पुसले, रिकामा घडा होडीत पालथा घातला.

"गेला कामाला," ती म्हणाली.

पुढचं वाक्य येईल म्हणून मी जरा थांबलो. ते आलं नाही. मग मी वल्ही उचलली.