टाकीचं वजन

काटा म्हणावा असा तो काटाही नव्हता – बोटीतल्या लाल पेट्रोल-टाकीच्या पुढच्या अंगाला, पिवळट पडलेल्या प्लॅस्टिकच्या भिंगाखाली, आगपेटीतल्या अर्ध्या काडीएवढा एक पांढरा तुकडा... आणि आत्ता तो पाऊण टाकीवर स्वस्थ उभा होता. बोट राजघाटाच्या शेवटच्या पायरीला बांधलेली, जूनच्या सुरुवातीची तापी डोहात पडून राहिलेली, वारा नाही, लाट नाही. म्हणजे काट्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. तरी भूपेंद्र महाजनने झाकण फिरवून काढलं, बांबूची मोजकाठी आत सोडली, तळाला टेकल्याचा आवाज ऐकला, काठी बाहेर काढली आणि ओल्या रेघेवर अंगठा धरला. अठरा. टाकी चोवीस लिटरची. काटा बरोबर होता. अंगठ्याला पेट्रोलचा थंडावा लागला आणि लगेच उडून गेला, त्याच्या मागोमाग नेहमीसारखी ती लाज आली – ती मात्र उडून जात नसे.

काठी त्यानेच केलेली. तापवलेल्या खिळ्याने लिटरांच्या खुणा पाडलेल्या, वर दोन हात वॉर्निश. हापिसात तिला महाजन-काठी म्हणत, आणि तिच्यामुळे गेल्या सव्वीस जानेवारीला त्याला प्रशस्तिपत्र मिळालं होतं, फ्रेमसकट. वनस्पतिशास्त्रातला पदवीधर, अठ्ठेचाळीस वर्षांचा कारकून, धड पोहता न येणारा – असा माणूस पुराच्या बोटीवर इंधन सांभाळायला कसा लागला, हा प्रश्न फक्त त्यालाच पडत असे. यादीत नाव आलं होतं. यादीत नाव आलं की माणूस त्या कामाचा होतो, आणि भूपेंद्र तर दोन वर्षांत जिल्ह्यातला त्या कामाचा एकमेव जाणकार झाला होता.

पायऱ्यांवर पुरातलं बचावकाम शिकायला आलेली, केशरी लाइफ जॅकेट घातलेली बारा पोरं बसली होती, उन्हात शिजत. आज पुराची रंगीत तालीम होती. पूर सोडून सगळं आलं होतं. हिमानी मॅडम – वर्षभरापूर्वी बदलून आलेल्या, उत्साही, मराठी घरच्या पण काम हिंदीत करणाऱ्या – म्हणाल्या, महाजनजी, आधी तुमचं ते फ्यूलचं सांगा. मग त्याने सांगितलं. तीन हिस्से करायचे: एक जायचा, एक यायचा, एक नदीचा. नदीच्या हिश्श्याला हात लावायचा नाही. पूर्ण रेसवर हे इंजिन तासाला पंधरा लिटर पितं, अर्ध्यावर सात. प्रवाहाविरुद्ध मिनिटं मोजायची, किलोमीटर नाही. हे सगळं त्याला पाठ होतं आणि सांगताना त्याचा आवाज थोडा जड, अनुभवी होई. मग तो शेवटच्या नियमाशी आला, आणि नेहमीसारखा थोडा थांबला. पोरांना वाटलं, महत्त्वाचं आहे म्हणून थांबले.

“जब नाव की नाक ऊपर हो, तब काँटा मत पढ़ना,” तो म्हणाला. “रेस कम करो, नाव को बैठने दो, दस तक गिनो. फिर पढ़ो.”

एकाने वहीत लिहून घेतलं. मॅडमनी मान डोलावली. बोटीच्या मागच्या टोकाला, इंजिनाच्या दांड्यावर हात टाकून बसलेला निंबा भोई पाण्याकडे बघत राहिला.

निंबाला हा नियम माहीत होता. नियम जन्मला तेव्हा तो हजर होता.

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर... नदी घाटाच्या निम्म्या पायऱ्यांवर चढलेली, चहासारखी तांबडी, आणि तिच्यातून केळीचे अख्खे खुंट येत होते, घडांसकट, मुळं वर करून. वरच्या अंगाला, नदीकाठच्या मळ्यात, पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर दोन माणसं अडकली होती – उखर्डू आणि त्याची बायको सोजरबाई. निंबाने पूर्ण रेस दिली. बोटीने नाक उचललं, पुढचं काही दिसेना, नुसतं आभाळ. एक खुंट बोटीच्या पोटाला घासून गेला – तो आवाज भूपेंद्रच्या दातांत गेला. पत्रा आता दिसत होता. पत्र्यावरची बाई पदर हलवत होती. एवढं जवळ. आणि तेव्हा त्याने मान खाली घालून काट्याकडे पाहिलं.

काटा लाल पट्टीवर होता.

आता इथे भूपेंद्र स्वतःशी नेहमी वकिली करी. काटा खरोखरच लाल पट्टीवर होता. पाहिलं ते सांगितलं. यात खोटं कुठे आहे? बोटीचं नाक वर गेलं की टाकीतलं तेल मागे धावतं, पुढचा तरंगता गोळा खाली बसतो, काटा पडतो, हे एखाद्या कारकुनाला ठाऊक नसेलही... पण ठाऊक होतं. त्याच्या आठ दिवस आधीच निंबानं दाखवलं होतं, हसत हसत, ही बघा साहेब टाकीची गंमत. मला ठाऊक होतं. मी काटा पाहिला तो तेल कळावं म्हणून नाही; मी काटा पाहिला, कारण मला ठाऊक होतं की तो आत्ता खाली असणार.

“निंबाभाऊ, तेल सरलं. फिरव.”

निंबाने एकदा त्याच्याकडे पाहिलं होतं, एकदा पत्र्याकडे. मग बोट वळवली. साहेबांचा शब्द.

नंतर पुष्कळ दिवस भूपेंद्रने स्वतःला पटवलं की त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर मुलगी उभी राहिली होती, तेजस्विनी, दहावीचं वर्ष. छान वाटायचं ते. पण खरं आठवायचं तर डोळ्यांसमोर मुलगी नव्हतीच. नवा चष्मा पाण्यात पडेल, एवढंच आलं होतं मनात.

घाटावर आल्यावर निंबाने नळी काढली, टाकी उचलली आणि वरच्या खोलीकडे निघाला. भूपेंद्र मागून चढत होता. पंधराएक पायऱ्या चढल्यावर निंबा थांबला, टाकी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. पुढे पुन्हा एकदा, डाव्यातून उजव्यात. रिकामी टाकी कुणी हात बदलून नेत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेंद्रने कुलूप काढून, लिंबाची एक डहाळी मोडून टाकीत घातली होती. ती पहिली मोजकाठी. चौदा लिटर. पत्र्यापर्यंत जाऊन, दोघांना घेऊन घाटावर परत येऊन, वर नदीचा हिस्सा उरला असता.

त्या सकाळी पाणी आपोआप उतरलं होतं. उखर्डूच्या पुतण्याने ट्रॅक्टरच्या ट्यूबवरून दोघांना काढलं. कुणी मेलं नाही. उखर्डू दिवाळीच्या आत गेला, पण तो खोकल्याने. हापिसात सगळे म्हणाले, महाजन काय करणार, तेलच नव्हतं. आणि टाकीवर लक्ष ठेवायची एक शिस्तशीर पद्धत असावी, असं ठरलं. आणि ती पद्धत बसवायचं काम, अनुभव लक्षात घेऊन, महाजनांकडेच आलं.

“महाजनजी, चला,” मॅडम म्हणाल्या. “आपली आजी बसली का वर?”

ही कल्पना मॅडमची. तालमीत खोटा पूरग्रस्त कशाला, खरा असताना? जसोंडीला मुलाकडे राहणाऱ्या सोजरबाईला जीपमधून आणलं होतं आणि तिच्याच मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर शिडी लावून चढवलं होतं. नदी तिथून दीडशे पावलं लांब होती. ठरलं असं, की शिटी वाजली की आजीने पदर हलवायचा, फोटो झाला की शिडीवरून उतरायचं, चालत काठावर यायचं, आणि मग तिला पुरातून वाचवायचं. भूपेंद्रने काल हे ऐकलं तेव्हा अंगात कसकस आहे म्हणून रजा मागायचं ठरवलं होतं. अर्ज लिहिलाही होता. मग वाटलं, हेही पुन्हा काटाच पाहणं झालं. तो फाडून टाकला, याचं त्याला सकाळपासून थोडं कौतुक वाटत होतं. आता नाही वाटलं.

निंबाने रेस दिली. डोह लांब होता, बोटीने नाक उचललं, मागच्या काठावरची पोरं लहान झाली. काटा खाली यायला लागला. भूपेंद्रला बघायचं नव्हतं आणि तो बघत होता – अर्धा... पाव... लाल.

“काटा काय म्हणते, साहेब?” इंजिनाच्या आवाजावरून निंबाने विचारलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा. चेहरा होता तसाच, उन्हाने बारीक झालेले डोळे. थट्टा होती का? निंबाची थट्टा ओळखू येत नसे, म्हणूनच ती थट्टा असण्याची भीती होती. भूपेंद्रला सांगायचं होतं, निंबाभाऊ, तेव्हा मला... पण तोंडातून आलं ते नियमाचं वाक्य. “नाक वर आहे. आता वाचायचं नाही.”

“हो,” निंबा म्हणाला. “तुमीच शिकवता ना.”

काठावर सोजरबाई आलेली होती, चालत, हातात कापडी पिशवी, अंगावर केशरी जॅकेट, ते तिला पोत्यासारखं झालेलं. भूपेंद्रने हात दिला. हात हलका होता, कोरडा, भाजल्या शेंगेसारखा. ती बोटीत आली, टाकीशेजारीच बसली आणि मान वर करून त्याच्याकडे बघू लागली.

“तू तोच ना भाऊ? चष्मेवाला.”

तो हो म्हणाला.

“म्या पायलं तुले तवा. नाव आली, आली, अन् फिरली. बुढा शिव्या देये. म्या म्हटलं, नको देऊ, त्याचं तेल सरलं असन, नाही तं इथलोग येऊन कोन परत जाते.” तिने पिशवी उघडली, आत कागदात बांधलेलं खोबरं, कुंकवाने लाल झालेलं. “इच्छापूरले गेली व्हती, चैतात. देवीले सांगतलं, त्या चष्मेवाल्याचं तेल कधी सरू देऊ नको. घे. तुह्या नावाचं हाय.”

त्याने घेतलं. खोबऱ्याचा तुकडा तळहातावर ठेवून तो उभा राहिला, पुढे बोलायची पाळी आपली आहे हे त्याला स्वच्छ कळत होतं, आणि उखर्डूबद्दल विचारावं म्हणून त्याने तोंड उघडलं तर तीच म्हणाली, बुढा तसाही खोकेच, पत्र्यावर बसायच्या आधीपासून. हे तिने त्याच्यासाठी म्हटलं, की खरंच तसं होतं? तिने माफ केलं म्हणावं, तर तिला माहीत कुठे आहे? जे माहीतच नाही त्याची माफी मी खिशात घालून फिरायची...

परतीला निंबाने पूर्ण रेस दिली. कशाला, कुणास ठाऊक, घाई नव्हती. नाक उचललं, काटा पडला. सोजरबाई टाकीकडे बघत होती. तिने बोट लावलं.

“सरलं का रे पुन्हा?”

भूपेंद्र काही म्हणायच्या आत निंबाने रेस बंद केली. एकदम. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं, बोटीचं नाक सावकाश पाण्यावर टेकलं, बोट सपाट झाली. आणि काटा उठला. भूपेंद्रने सवयीने मोजलं, एक, दोन... पाव, अर्धा, पाऊणच्या थोडा खाली. दहाला स्थिर झाला. म्हातारीचं बोट अजून भिंगावरच होतं. काटा त्याच्याखालून वर गेला होता.

“हे कसं आलं?” तिने विचारलं.

“नाव बसली की येतं, माय,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला, त्यात जडपणा नव्हता. “नाव पळते तेव्हा काटा खाली दिसतो. तेल असतं.”

“असतेच?”

“असतंच.”

तिने बोट काढून घेतलं. पदराला पुसलं. मग डोहाकडे, मग लांब राहिलेल्या पत्र्याकडे बघितलं. भूपेंद्र वाट बघत होता, पुढचा प्रश्न आता येणार, फक्त दोन शब्दांचा – तवाबी व्हतं? – आणि तो खरं उत्तर देणार होता. उत्तर तयार होतं, जिभेवर होतं. बोट घाटाला लागली. टाळ्या वाजल्या. मॅडम म्हणाल्या, तेरा मिनिटं, एक्सेलंट. दोन पोरांनी सोजरबाईला धरून उतरवलं, कुणीतरी तिला पाण्याची बाटली दिली. तिने वळून पाहिलं, पण ते चप्पल बोटीत राहिली की काय म्हणून असेल.

निंबाने नळी काढली. टाकीला हात घातला, तेव्हा भूपेंद्र म्हणाला, मी नेतो.

“जड हाय, साहेब.”

“माहीत आहे.”

निंबा बाजूला झाला. भूपेंद्रने टाकी उचलली, खोबरं शर्टाच्या खिशात, मोजकाठी बगलेत, आणि पायऱ्या चढू लागला. पेट्रोल आत डुचमळत होतं, प्रत्येक पायरीला एक ठोका उशिरा. दहाव्या पायरीला बोटांत कळ आली. सोजरबाई वर सावलीत बसून बाटलीतलं पाणी पीत होती, तिची नजर खाली पायऱ्यांवर होती, त्याच्यावर की नदीवर ते चष्म्यावर ऊन आल्याने त्याला कळेना. दोन वर्षं त्याला भीती होती ती कुणीतरी विचारेल याची. आता ती भीती जागेवर नव्हती. तिच्या जागी हाताने चाचपलं तर दुसरंच काहीतरी लागत होतं – ही बाई जीपमध्ये बसेल, जसोंडीला जाईल, आणि विचारणारच नाही...

पंधराव्या पायरीवर तो थांबला. सगळ्यांना दिसेल अशा बेताने, सावकाश, त्याने टाकी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. मग वर पाहिलं.