बाईंच्या खोलीची तार

पणजोबा रस्त्यावरचे दिवे पेटवीत असत, आजोबांनी तारायंत्राचे खांब रोवले आणि वडिलांनी घराघरांच्या भिंतींतून वीज खेळवली. या तिघांनी मिळून चौथ्यासाठी मागे ठेवले ते एवढेच: हाताची शिस्त आणि एक नियम. भिंतीतल्या नळीच्या आत तारेला सांधा ठेवायचा नाही. तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेली पाहिजे. कमी पडली तर सगळी उपसून नवी ओढायची. भिंतीच्या पोटात लपवलेला सांधा ही त्या घराण्यात चोरीच मानली जाई.

तो चौथा, चोपन्न वर्षांचा मिस्त्री, जिन्याखालच्या कोनाड्यात गुडघे दुमडून बसला होता. समोर वडिलांनी बसवलेला लाकडी डबा उघडा होता. त्यात चार जाड काळ्या तारा उतरलेल्या. छपरावरच्या अँटेनाचे चित्र पुढेमागे चारही खोल्यांत लागेल, म्हणून पस्तीस वर्षांपूर्वी वडिलांनी त्या ओढून ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी होती: दिवाणखाना, जेवणघर, वरची खोली, बाईंची खोली. वडिलांचे अक्षर अजून ठसठशीत होते.

घरमालकाच्या अटी सोप्या होत्या. रंग नुकताच झालेला, तेव्हा भिंत फोडायची नाही. कुठेही पट्टी दिसता कामा नये. बिनतारी कॅमेऱ्याची लहर त्या हातभर जाडीच्या भिंतींत शिरतच नव्हती. मिस्त्रीने सांगितले होते की कॅमेऱ्याचे चित्र या जुन्या तारांवरूनही सुरेख येईल; एका चित्राच्या चार वाटण्या करणारा मधला तुकडा काढायचा आणि प्रत्येक तार थेट कोनाड्यातल्या, कॅमेऱ्यांची चित्रे दाखवणाऱ्या यंत्राला जोडायची. “माझ्या वडिलांची तार आहे, साहेब,” असेही तो अभिमानाने बोलून गेला होता. त्यावर मालक खूश झाले आणि आपल्या चारही दुकानांचे कॅमेरे त्यालाच द्यायचे म्हणाले.

तीन कॅमेरे दुपारपर्यंत लागले. चौथ्यासाठी तो मालकांच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या खोलीत गेला, तेव्हा त्याची नजर आधी दारावर पडली. आतली कडी काढलेली होती. स्क्रूची चार भोके तेवढी उरली होती. गेल्या महिन्यात काकू न्हाणीघरात पडल्या आणि सकाळपर्यंत फरशीवरच होत्या. मुलाने धसका घेतला. आधी बाहेर जाणे बंद झाले, मग जिना, मग कडी गेली. मुलगा वाईट नव्हता. आईचे पाय चेपताना त्याला मिस्त्रीने आजच पाहिले होते. पण त्याच्या काळजीला अंत नव्हता.

काकू पलंगाच्या कडेला ताठ बसल्या होत्या. मिस्त्रीच्या हातातून पकड कधी सुटत नसे, म्हणून त्यांनीच त्याला एके काळी नाव ठेवले होते.

“पकड्या, केस पिकले की रे तुझे. पकड मात्र तीच दिसतेय.”

“तीच आहे, काकू. मूठ दोनदा बदलली.”

तो शिडीवर चढला. कोपऱ्यात कॅमेरा बसवला, तार जोडली, आणि तळहाताएवढ्या तपासणीच्या पडद्यावर चित्र उमटले: पलंग, कपाट, आणि वर रोखून पाहणारी एक म्हातारी बाई. चित्र इतके स्वच्छ होते की चादरीची शिवणसुद्धा मोजता आली असती.

“दिसतेय मी?” त्यांनी विचारले. त्याने मान हलवली. त्यांनी कडीच्या भोकांकडे बोट दाखवले. “कपडे बदलताना, रडताना, पाय पसरून बसताना दार लावून घ्यायचे मी. लग्न झाल्यापासून या घरात तेवढंच माझं होतं. त्याला सांगून पाहिलं. तो म्हणतो, आई, मीच तर बघणार आहे.”

तू काही कर, असे म्हणाल्या नाहीत. मागायची सवयच नव्हती त्यांना.

मिस्त्रीला याच घरातला आपल्या एकोणिसाव्या वर्षातला दिवस आठवला. दिवाणखान्याच्या बोर्डावर त्याने चुकून दोन्ही जिवंत तारा जोडल्या होत्या, आणि नवाकोरा टीव्ही लावताक्षणी धूर ओकू लागला होता. काकूंचे यजमान तापट होते. वडिलांचा धंदा त्यांच्या एका शब्दाने बसला असता. काकू पदर सावरत पुढे झाल्या आणि म्हणाल्या, मीच ओल्या हातानं बटण दाबलं. त्यानंतर अकरा वर्षे त्यांना त्या घरात टीव्हीला हात लावायची मुभा नव्हती. पाहुण्यांसमोर त्यांच्या ओल्या हाताची चेष्टा चाले, आणि त्या हसून चहा ओतत.

तो शिडीवरून उतरला. जोडणी सोडवली, कॅमेरा खाली घेतला आणि दिवाणखान्यात जाऊन मालकांसमोर उभा राहिला.

“त्या खोलीत चित्र येत नाही, साहेब. तार मेलेली आहे.”

“असं कसं? वडिलांची तार म्हणून सकाळी छाती फुगवत होतात ना?”

मिस्त्रीने पकड एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “वडिलांनी नळीत सांधा ठेवलाय. तो सडलाय. भिंत फोडल्याशिवाय इलाज नाही.”

पणजोबांपासूनच्या तिघांपैकी कुणाविषयीही असे शब्द त्याच्या तोंडून आयुष्यात प्रथमच निघत होते. मालक हसले. असल्या कारागिराच्या हाती दुकाने देण्यात अर्थ नाही, दुसरा कोणी पाहू, असे त्यांनी सौजन्याने सांगितले. भिंत मात्र फोडायची नव्हती. मिस्त्रीने मान खाली घालून ऐकले. मग त्याने जेवणघरातला कॅमेरा काकूंच्या दाराकडे वळवून दिला: सकाळी सातपर्यंत दार उघडले नाही तर धावत जावे. मालकांना ते पटले.

हत्यारे गोळा करायला तो परत त्या खोलीत आला. काकूंनी सगळे ऐकले होते.

“तुझ्या बापानं नळीत कधी सांधा ठेवला नाही,” त्या हलकेच म्हणाल्या.

“तुम्हीही ओला हात लावला नव्हता, काकू.”

त्याने हत्यारे पिशवीत भरली. “सातला दार उघडायचं मात्र,” तो म्हणाला. “नाहीतर माझा जीव टांगणीला.”

“उघडीन.” त्यांनी त्याच्या पकडीवर हात ठेवला आणि काढून घेतला. “फिटलं रे सगळं. जा आता.”

कोनाड्यात परतून त्याने डबा बंद केला. ‘बाईंची खोली’ ही चिठ्ठी मात्र सोडवून खिशात घातली. यंत्राच्या पडद्यावर तीन चौकटी उजळल्या होत्या, चौथी काळी होती. जेवणघराच्या चौकटीत एक दार दिसत होते. ते आतून सावकाश, कुणीही घाई न करता, पुरते लावून घेतले गेले.